विनाअपघात वर्ष

आमच्या कारखान्याच्या फाटकाशी एक हिरवा फलक आहे. शेवटच्या अपघाताला किती दिवस झाले ते त्यावर झळकत असतं आणि रोज सकाळी आकडा एकाने वाढतो. इंग्लंडातल्या आमच्या ग्रिम्सबी बंदरातल्या कुठल्याही मासळी कारखान्यात एवढा मोठा आकडा नाही, असं मोठ्या साहेबांनी एकदा सभेत सांगितलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आमच्याकडे माणसं पडत नव्हती असं नाही. पडलेली माणसं कपडे झटकून उठत होती आणि तोंडाला कुलूप घालत होती.

कुलपाचं कारण म्हणजे नाताळचं जेवण. वर्षभरात एकही अपघात नोंदला गेला नाही, तर अख्ख्या पाळीला समुद्रावरच्या मोठ्या हॉटेलात जेवण, नवरा-बायकोसकट, आणि वर एक दिवस भरपगारी सुट्टी. एक जरी नोंदला गेला तरी सगळ्यांचं जेवण बंद. ही कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून निघाली त्याला माणसं चांगली कळत असणार. एकीचं बोट सुरीने हाडापर्यंत कापलं, तर तिने ते रुमालात गुंडाळलं आणि घरी कांदा चिरताना कापलं म्हणून सांगितलं. दुसरी पाय मुरगळून महिनाभर लंगडत कामावर आली, आणि आम्हीच तिची पाठ थोपटली.

मी गेनर ऑडलिंग. सुरीवर काम करते. म्हणजे करत होते. कॉड, हॅडॉक, जे येईल त्याचं मांस काट्यावरून अलगद सोडवायचं, फाटू द्यायचं नाही, वाया जाऊ द्यायचं नाही. मशीनं आली तरी मोठा मासा अजून हातानेच सोडवतात, आणि मोठा मासा माझ्याकडे यायचा. यात मी काही मोठेपणा सांगत नाही. दुसरं काही येत नाही मला, एवढंच सांगते.

शेजारच्या ओट्यावर बेव्ह. बेव्हर्ली स्टॅम्प. शाळा सुटली त्याच उन्हाळ्यात आम्ही दोघी इथे लागलो. तिच्या लग्नात मी करवली होते, आणि माझ्या घटस्फोटात ती. आमचं एकमेकींशिवाय पान हलायचं नाही, असं लोक म्हणायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

आता त्या जाळीबद्दल. ओट्यांकडून थंड खोलीकडे जाताना मध्ये पाणी वाहून जायची चर लागते. तिच्यावर लोखंडी जाळ्या आहेत. त्यातल्या एकीचा कोपरा वर आलेला, आणि तिच्या अलीकडे बर्फाचं, माशाच्या चिकाचं पाणी साचून राहायचं. कितीही घासा, बुळबुळीत ते बुळबुळीतच. जाळी नीट बसवायची तर खालचं काँक्रीट फोडायला हवं, काँक्रीट फोडायचं तर काम बंद ठेवायला हवं, आणि काम बंद म्हटलं की साहेबांच्या पोटात गोळा. म्हणून आम्ही उडी शिकलो. डावा पाय रोवायचा, उजवा उचलायचा, टुणकन पलीकडे. हातात ट्रे असो, चहाचा कप असो, कुणाशी भांडण चालू असो, त्या जागी आलं की पाय आपोआप उचलला जायचा.

भिंतीवर मात्र मोठं पोस्टर: धोका दिसला तर सांगा. सांगितलं की पाळीच्या नावापुढे लाल ठिपका पडायचा आणि ठिपके साठले तरी जेवण धोक्यात यायचं, हे पोस्टरवर नव्हतं. तरी मी एकदा आमच्या मुकादमाला, नेव्हिलला, म्हटलं होतं. हा नेव्हिल पोरगेला असताना त्याला सुरीला धार लावायला मी शिकवलं. तो म्हणाला, "गेनर, उडी येते ना तुला? मग झालं तर."

डिसेंबर लागला. नाताळच्या ऑर्डरींनी सगळ्यांची तारांबळ उडाली होती. बर्फात घातलेली हॅडॉकची पेटी थंड खोलीत न्यायची होती. अशा पेट्या ढकलगाडीवर घालून लांबच्या दाराने फिरवून न्यायच्या, असा नियम आहे. त्या दिवशी गाडीचं चाकच निखळलं होतं.

"चाक गेलंय, नेव्हिल," मी ओरडून सांगितलं. मशीनांच्या आवाजात ओरडल्याशिवाय काही ऐकू येत नाही.

तो जवळ आला, आमच्या दोघींच्या मध्ये तोंड घालून म्हणाला, "मग हातांनी उचला की दोघी! लॉरी उभी आहे बाहेर. महाराणीसारख्या थांबता काय?"

बेव्हने माझ्याकडे बघून डोळे फिरवले. मग तिने एक टोक धरलं, मी दुसरं. मी पुढे होते, म्हणजे पाठमोरी चालत होते. एवढी जड पेटी धरून, पाठमोरं, जाळीवरून उडी कशी मारणार? पायाने चाचपत चाचपत जायचं ठरवलं. टाच वर आलेल्या कोपऱ्याला लागली, दुसरा पाय चिकावरून सटकला आणि मी आडवी झाले. बेव्हने टोक सोडलं. सोडलं नसतं तर तीही माझ्या अंगावर आली असती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पेटी माझ्या उजव्या मनगटावर आली.

सगळं बंद पडलं. सुऱ्या थांबल्या. आणि त्या शांततेत पहिलं वाक्य कानावर आलं ते म्हणजे, "गेलं गं बाई जेवण!" कोण बोललं ते मला माहीत आहे. नाव घेत नाही, कारण बोलली ती एकटी असली तरी मनात सगळ्यांच्या तेच होतं.

रुग्णवाहिका बोलावली असती तर फाटकावर सगळ्यांना दिसली असती. नेव्हिलने मला स्वतःच्या गाडीत घातलं. एवढा जपून तो आयुष्यात कधी वागला नव्हता. पट्टासुद्धा त्यानेच लावून दिला.

"फार दुखतंय का गं?"

"नाही रे, गुदगुल्या होतायत."

पुढच्या वळणावर त्याने काचेतून बाहेर बोट दाखवलं. मग म्हणाला, "बसथांब्यावर काय बर्फ धरलाय बघ. कुणीही पडेल."

"पडेल की. मी नाही पडले."

"गेनर, उगाच हट्ट करू नकोस. सगळ्यांचं वर्ष आहे हे. बायकांनी कपडे घेतलेत. तू फक्त बसथांबा म्हण, पुढचं मी बघतो. नंतर तुला हलकं काम देतो, पेट्यांना लेबलं लावायचं. शब्द देतो."

"लिहून देतोस?"

"असल्या गोष्टी लिहून देतात का कुणी?"

"मग असल्या गोष्टी मीही बोलत नाही."

इस्पितळात नर्सने विचारलं कसं झालं. माझ्याआधी नेव्हिलच बोलला, "बसथांब्यावर घसरली बिचारी." मी म्हटलं, "कारखान्यात घसरले. हा म्हणाला हातांनी पेटी उचला, ती उचलताना. याला बाहेर बसवा जरा." नर्सला हसू आलं, पण तिने त्याला बाहेर बसवलं. तेवढ्या एका क्षणापुरतं मला फार बरं वाटलं. खरं बोललं की पुढचं आपोआप सुरळीत होतं, असं मला अजूनही वाटत होतं, या वयात.

डॉक्टरांनी सांगितलं, हाड जुळेल, पण मनगट पहिल्यासारखं वळणार नाही. सुरी विसरा. मी युनियनच्या माणसाला फोन केला. तो भला माणूस आहे, गोड बोलून फसवत नाही. म्हणाला, "नेव्हिलने पेटी हाताने उचलायला सांगितलं असेल, तर चूक कारखान्याची. मग ते तुला बसून करायचं काम देतील, नाहीतर निवृत्तीपर्यंतची भरपाई देतील. पण तू आपल्या मनाने नियम मोडलास असं ठरलं, तर मात्र तुला दार दाखवतील. त्याने सांगितलं ते ऐकणारं आणखी कुणी होतं का?"

"होती ना. बेव्ह होती."

"मग काळजी नको," तो म्हणाला.

बेव्ह आली ती चौथ्या-पाचव्या दिवशी. त्याआधी फोन नाही, काही नाही. कोट न काढताच खुर्चीच्या टोकावर बसली. चहा तिनेच केला, मला एका हाताने किटलीही उचलवत नव्हती.

"पाळीतल्या बायका फार चिडल्यात गं तुझ्यावर," ती म्हणाली.

"माझ्यावर? जाळीवर चिडा म्हणावं."

"रेने सूट काढलाय कपाटातून." रे म्हणजे तिचा नवरा. त्याची फुप्फुसं गेली आहेत, दोन जिने चढायचे तरी मध्ये थांबतो. "किती दिवसांनी कुठे जायचं म्हणून खूश आहे. रोज विचारतो, हॉटेलात लिफ्ट आहे ना. मी काय सांगू त्याला?"

"सांग की गेनरचा हात मोडला."

"तुझं बरं आहे. एकटा जीव."

हे ती बोलली. बोलून तिलाही लागलं असावं, कारण तिने मान खाली घालून कपाकडे पाहिलं. मी राग गिळला. मला तिची गरज होती.

"बेव्ह, मुख्य कार्यालयातून सुरक्षेची बाई येणार आहे चौकशीला. नेव्हिल काय म्हणाला ते तू ऐकलंस. तेवढंच सांग. बाकी काही नको."

"मशीनचा आवाज किती असतो, तुला माहीत आहे."

"अगं, तुझ्या कानाशी बोलला तो!"

"बघते," ती म्हणाली. आणि कप विसळून गेली.

चौकशीच्या दिवशी मला जागा दाखवायला बोलावलं होतं. गळ्यात हात बांधून गेले. सुरक्षेची बाई म्हणजे इमोजेन नावाची एक तरतरीत पोरगी, पांढरे कोरे गमबूट, बोलणं इतकं मऊ की रागावायला जागाच ठेवत नव्हती. नेव्हिल तिच्या मागेपुढे करत होता. मी चरीपाशी गेले आणि बघतच राहिले. जाळीवर नवी कोरी रबरी चटई अंथरली होती, कडेपासून कडेपर्यंत. फरशी घासून लखलखीत केली होती. वर आलेला कोपरा, पाणी, चीक, सगळं चटईखाली गडप.

"इथे पडलात तुम्ही?" इमोजेनने विचारलं.

"मी पडले तेव्हा ही चटई नव्हती."

"चटई नेहमीच असते," नेव्हिल साळसूदपणे म्हणाला.

मग तिने बायकांना एकेकीला विचारलं. गेनर इथे पडली का? दिसलं नाही. ही जागा निसरडी आहे का? छे, अजिबात नाही. कधी कुणी घसरलं? कधीच नाही. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. बेव्हला विचारलं तर बेव्ह म्हणाली, "मी तेव्हा बाथरूमला गेले होते." माझ्याकडे न बघता म्हणाली. तिच्यावरून मी नजर हटवली नाही, पण तिने मान वर केली नाही.

इमोजेनने चिमुकला कॅमेरा काढला. "बरं. सगळ्याजणी रोज चालता तशा ओट्यांपासून थंड खोलीपर्यंत चालून दाखवता का? मला फक्त वाट बघायची आहे."

पहिली निघाली. चटईपाशी आली. डावा पाय रोवला, उजवा उचलला आणि टुणकन पलीकडे. दुसरी आली, टुणकन. तिसरी आपल्या शेजारणीशी बोलत होती, बोलता बोलता टुणकन. सपाट, कोरड्या, नव्या चटईवरून अख्खी पाळी एकामागून एक उड्या मारत गेली, आणि एकीच्याही ध्यानात आलं नाही. बेव्हही गेली. सगळ्यांत शेवटी नेव्हिल थंड खोलीचं दार उघडायला गेला, आणि तोही उडी मारून गेला, ढेरीसकट.

मला हसू फुटलं. दुखणाऱ्या हातासकट मी हसले. इमोजेन वाकली, तिने चटई उचलली, जाळीचा कोपरा बुटाने दाबून बघितला. तो वरच राहिला. दाराशी सगळ्या बायका दातखिळी बसल्यासारख्या उभ्या होत्या.

"तुम्ही सगळे इथे उडी मारता," ती म्हणाली. "म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं."

ती बेव्हकडे वळली. "पेटीचं दुसरं टोक कुणीतरी धरलं असणार. एकटीला उचलणार नाही ती. तुम्हीच होता ना?"

बेव्ह पांढरी पडली. "हो," ती म्हणाली. "मी होते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझी बेव्ह, मी मनात म्हटलं. उशिरा का होईना.

"ढकलगाडी सोडून हातांनी न्यायचं कुणी ठरवलं?"

बेव्हने नेव्हिलकडे पाहिलं. तो भिंतीवरचं पोस्टर वाचत होता, जसं काही पहिल्यांदाच दिसलंय. मग तिने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदा नीट, सरळ माझ्याकडे पाहिलं.

"गेनर म्हणाली, उचलूया," ती म्हणाली.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, चांगलं नसणार. इमोजेनने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "मला समजतंय" असं मऊ आवाजात म्हणाली. मोडलेला हात गळ्यात घेऊन आरडाओरडा करणारी बाई आणि खाली मान घालून उभी असलेली बाई, यांतली खरी कोण हे कुणीही त्या दुसरीकडे बघून ठरवलं असतं.

निकाल नेव्हिलने फोनवर सांगितला. त्या जागेचा धोका सर्व कामगारांना माहीत होता आणि तो टाळायची सुरक्षित पद्धत त्यांनी अंगवळणी पाडली होती. जखमी कामगार स्वतःच्या मर्जीने नियम मोडून पेटी हातात घेऊन निघाली, त्यामुळे तिला ती पद्धत पाळता आली नाही. सबब, वैयक्तिक निष्काळजीपणा. आणि वैयक्तिक निष्काळजीपणा कारखान्याच्या हिशेबात धरत नाहीत, म्हणून फलकावरचा आकडा शून्यावर आला नाही. जेवण पक्कं.

"तुझ्यामुळे एक चांगलंही झालं बघ," नेव्हिल म्हणाला. "जाळीच्या दोन्ही बाजूंना पिवळी पावलं रंगवून घेतलीत. एक इकडे, एक तिकडे. नव्या माणसाला आता कळेल कुठून उडी मारायची ते."

"आणि जाळी?"

"जाळीचं बघू. सुट्टीनंतर." मग त्याने घसा खाकरला. "हात बरा झाला की ये भेटायला. सुरी धरता आली तर बघू. आणि जेवणाला ये हं. कुणाच्या मनात काही नाही."

मी फोन ठेवला. कुणाच्या मनात काही नाही, हे मात्र त्याने अगदी खरं सांगितलं होतं.

मी जेवणाला गेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. बेव्ह उभी होती, हातात चंदेरी कागदाने झाकलेली बशी. मी दारातून बाजूला झाले. का झाले, सांगता येणार नाही.

तिने कागद काढला. टर्कीचे दोन जाड काप, भाजलेले बटाटे, चिमुकल्या कोबीचे गड्डे, सगळं गार झालेलं. "वेटरला सांगून बांधून घेतलं," ती म्हणाली. "गरम करू?"

"नको."

तिने खणातून सुरी काढली. माझ्या घरात कुठे काय आहे ते तिला माझ्याइतकंच माहीत आहे. माझ्यासमोर बसून टर्कीचे तुकडे करायला लागली.

"लिफ्ट होती का?" मी विचारलं.

"होती. रे नाचलासुद्धा. एकच गाणं, पण नाचला." "तुझी चौकशी करत होता, गेनर कशी नाही आली."

"मग?"

"म्हटलं, माझ्यावर रुसलीय."

"कशावरून ते विचारलं नाही त्याने?"

"नाही. म्हणाला, गेनर पहिल्यापासूनच तापट."

मी तिच्या हातांकडे बघत होते. सुरी धरायची तिची पद्धत कधीच चांगली नव्हती, फार दाबते. "बेव्ह, युनियनचा माणूस म्हणतो अजून वेळ गेलेली नाही. एक वाक्य. तू आणि तो, दुसरं कुणी असणार नाही."

"आता वेगळं सांगितलं तर मी खोटी ठरते. मग मलाही काढतील. रे घरी, सगळं माझ्यावर. तूच सांग, मी काय करू?"

"खोटी तर तू आहेसच. फक्त ते मला आणि नेव्हिललाच माहीत आहे."

तिने बटाट्याचेही तुकडे केले, अगदी बारीक, लहान मुलाला करून देतात तसे. मग बशी माझ्याकडे सरकवली आणि काटा डाव्या बाजूला ठेवला.

बशी भिंतीवर फेकावी असं मनात आलं. डाव्या हाताने ती फेकता आली असती, तेवढं बळ होतं. पण सकाळपासून मी कोरड्या पावावर होते. प्लास्टर चढल्यापासून माझ्या ताटातलं कापून द्यायला कुणी या दारातून आत आलं नव्हतं, आणि आली ती बेव्ह. मी काटा उचलला आणि तिच्यादेखत सगळं खाल्लं.